बदामाला रंग चढलाय, दामूभाऊ

या वर्षी मला कोणी सांगितलं नाही. सोमवारी सकाळी स्कूटर लावून प्रयोगशाळेकडे निघाले, तर विहिरीजवळच्या देशी बदामाखाली पाच-सहा लालभडक पानं पडलेली. वर पाहिलं, अर्धं झाड लाल झालेलं. म्हणजे आठवडाभर तरी रंग चढत असणार आणि मी रोज त्याच्याखालूनच गेले असणार.

बावीस वर्षं हे काम तुमचं होतं. दिवाळी होऊन गारवा पडायला लागला की एक दिवस तुम्ही विभागाच्या दारात उभे राहायचात. हातातली खुरपी पाठीमागे लपवल्यासारखी धरलेली. "म्याडम, बदामाला रंग चढला." मी हातातलं टाकून बाहेर यायची, तर झाड हिरवंगार. "कुठे हो?" "हाय की, खालच्या फांदीला." मग तुम्ही ती फांदी ओढून धरायचात, आणि बराच वेळ शोधल्यावर एखाद्या पानाच्या शिरेलगत केसाएवढी तांबूस रेघ मला सापडायची. बाकीच्यांना ती चार दिवसांनी दिसायची. मी मुलांना सांगायची, "बघा, पुस्तकं नंतर वाचा. आधी दामूभाऊंसारखे डोळस व्हा."

तुमच्यासमोर सांगायची. तुम्ही खाली बघून हसायचात.

तुम्हाला जाऊन पंचवीस दिवस झाले. कॉलेजच्या वार्षिकासाठी पानभर मजकूर द्या म्हणाले, तो मी दिला. कधी लागलात, किती वर्षं काम केलंत, वक्तशीर होतात, मितभाषी होतात. ते लिहिताना हात अडला नाही, कारण त्यात तुम्ही नव्हतातच. हे मात्र तीनदा सुरू करून तीनदा सोडलंय. मला तुमच्याशी बोलायचंय, आणि कुठून बोलायचं ते कळत नाही. रागवायचं की माफी मागायची, एवढंही ठरत नाही.

आधी जे नक्की माहीत आहे ते सांगते.

आपली बाग म्हणजे कॉलेजच्या मागची दीड एकर जमीन, पलीकडे कुंडलिका नदीचा उतार. बोर्डावर 'वनस्पती उद्यान' लिहिलंय, पण तुम्ही आलात तेव्हा तिथे काटेरी तार आणि वाढलेलं गवत होतं. मी नुकतीच लागले होते. तुम्ही धरमतरच्या खाडीकाठचे, मिठागरावर वाढलेले. सायकलने पेण स्टेशन, मग रोहा गाडी, मग चालत कॉलेज. मला पहिल्या दिवशी वाटलं, मिठागरातल्या माणसाला झाडांचं काय कळणार? तुम्ही बूट काढून अनवाणी सगळी बाग फिरलात आणि म्हणालात, "त्या कोपऱ्यात पाणी थांबतंय. तिथं काय लावू नका."

थांबत होतं. पुढच्या पावसात कळलं.

एकदा पुण्याहून पाहुणे आले होते. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे पानगळीचा सीझन कधी असतो? परदेशात कसं, सगळं जंगल एकदम रंगतं." मी काहीतरी शास्त्रीय सांगायला लागले. तुम्ही मधेच म्हणालात, "आमच्याकडं सगळं एकदम नाय व्हत, बाई. एकाचं पान पडतं तवा दुसऱ्याला फूल येतं. कुणीतरी जागं लागतंच ना?" त्या बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मीही घेतलं, पण त्यांच्यासमोर नाही.

आणि खरंच तसंच असतं. आश्विनात तेरडा संपत आला की सातवीण घमघमायला लागते. तिचा वास ओसरतो तोवर बुचाचं झाड पांढरी लांब देठांची फुलं खाली टाकायला लागतं. मग कुंपणाला जांभळी कोरांटी, आणि तिच्या शेवटाला बदाम. बुचाची पहिली ओंजळ तुम्ही माझ्या टेबलावर ठेवायचात. पांढरी, वासाची फुलं तुम्हाला आवडायची. मला वाटायचं, आवड आहे माणसाची.

मोरसाचं आठवतंय ना? खाऱ्या जमिनीवरची वनस्पती बागेत असावी असं मी सहज बोलले होते. चौथ्या दिवशी तुम्ही खाडीवरून मोरसाचं ढेकूळ फडक्यात बांधून आणलंत. कुंडीत लावलं तर आठवड्यात मान टाकली. तुम्ही म्हणालात, "गोड पाण्यानं मेलंय." दुसरं आणलंत, आणि त्यानंतर दर सोमवारी पाच लिटरच्या कॅनमधून धरमतरचं खारं पाणी गाडीतून रोह्याला यायला लागलं. लोक विचारायचे, काय नेतोस? तुम्ही सांगायचात, "औषध हाय." थंडीत त्या मोरसाची बोटासारखी पानं लालसर झाली तेव्हा मी हरखून ओरडले, "दामूभाऊ, अहो लाल झालं बघा!" तुम्ही कुंडीजवळ वाकलात, बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "व्हय?"

नुसतं एवढंच. व्हय? प्रश्नचिन्ह मी तेव्हा ऐकलंच नव्हतं.

आता बाराव्याचं सांगते.

मी तुमच्या घरी पहिल्यांदाच आले. बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही तुम्ही नसताना. मंडपाखाली बायका बसल्या होत्या. मला आत नेऊन अनसूयावहिनींच्या शेजारी बसवलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "बाई, तुमचे लई उपकार."

"अहो, कसले?"

"यांना सांभाळून घेतलंत ते. दुसरं कोणी असतं तर कवाच घरी बसवलं असतं. ज्याला लाल-हिरवं कळत नाय, त्याला बागेत कोण ठेवतो?"

मला वाटलं, तुमच्या भोळेपणाबद्दल बोलतायत. काळं-पांढरं कळत नाही म्हणतात तसं. तेवढ्यात तुमची कल्पना पाणी घेऊन आली आणि तिथेच टेकली. नागोठण्याच्या शाळेत शिकवते, नीट उलगडून बोलते. तिने सांगितलं. "धाटावच्या कंपनीत बाबांचं काम झाल्यातच जमा होतं. मेडिकलला ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. त्यातला आकडा बाबांना दिसलाच नाही. तिथे पायपांना रंग असतात ना, लाल कुठला, हिरवा कुठला. मग नाही घेतलं. त्यानंतर बाबांनी कोणाला सांगितलं नाही. कॉलेजात फक्त तुम्हाला माहीत होतं. बाबा कायम म्हणायचे, म्याडमना सगळं म्हायत हाय, पण एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाय."

माझ्या तोंडातून निघालं, "असं काही नाही हो."

ते शब्दशः खरं होतं, दामूभाऊ. पण त्यांना तो माझा मोठेपणा वाटला. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "बगा, कशी माणसं असतात." वहिनींनी माझा हात सोडलाच नाही. मी पान वाढलं होतं तिथे बसले, जेवले, नमस्कार करून घेतला आणि पेणपर्यंत कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आले.

मी वनस्पतीशास्त्र शिकवते. रंगांधळेपण कसं उतरतं हे फळ्यावर दरवर्षी काढून दाखवते. आणि बावीस वर्षं रोज माझ्यासमोर असलेल्या माणसाला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही, हे मला कळलं नाही. हे एक. पण त्याहून मोठा गुंता तुमचाच आहे. तुम्ही घरी असं का सांगितलंत, की मला माहीत आहे?

दोनच शक्यता आहेत, आणि दोन्ही मी इतक्या वेळा घोळल्यात की आता दोन्ही खऱ्या वाटतात.

पहिली ही, की तुम्ही खोटं सांगितलंत. वहिनींच्या जिवाला घोर नको म्हणून. 'कोणाला कळलं तर?' हा प्रश्न त्या रोज विचारत असतील, तो मिटवायला.

दुसरी, की तुम्हाला खरंच वाटत होतं, मला माहीत आहे.

ही दुसरी मला नकोय. पण तीच जास्त जुळते. सांगते कशी.

तुम्हाला लागून तिसरं वर्ष असेल. तपासणी समिती येणार होती. तेव्हाच्या प्राचार्यांच्या डोक्यात आलं की फाटकापाशी हिरव्या माठाच्या वाफ्यात लाल माठाने 'सुस्वागतम्' लिहायचं. रोपं ट्रेमधून वाढवली. लावणीच्या दिवशी मुलांनी ट्रे इकडचे तिकडे केले असणार, आणि तुम्ही एकट्याने संध्याकाळपर्यंत बसून दोरी धरून, अक्षरांची वळणं आखून, अगदी ओळीत रोपं लावलीत. सकाळी समितीची गाडी आली तेव्हा वाफ्यात कुठलंच अक्षर नव्हतं. लाल-हिरवं सगळं विस्कटलेलं, कोणीतरी मूठ भरून उधळल्यासारखं. आणि तुम्ही धुतलेला सदरा घालून त्याच्या शेजारी उभे. तोंडावर आनंद होता तुमच्या. तो आनंद बघून माझं डोकं फिरलं.

मी पाहुण्यांसमोर विचारलं, "दामूभाऊ, दारू पिऊन लावलंत का हे?"

तुम्ही वाफ्याकडे बघितलंत. मग माझ्याकडे. मग म्हणालात, "व्हय. चुकलं."

मेमो मिळाला तुम्हाला. त्यानंतर कॉलेजात सगळ्यांना 'माहीत' होतं, की दामू घेतो. कार्यालयातले लोक डोळे मिचकावायचे. तुम्ही ते वीस वर्षं चालवून घेतलंत.

त्याच आठवड्यात मी दुसऱ्या वर्षाला आनुवंशिकता शिकवत होते. फळ्यावर बाप, लेक, नातू. खिडकीबाहेर तुम्ही कुंड्यांना पाणी घालत होता. तास संपल्यावर व्हरांड्यात गाठलंत मला.

"म्याडम, ते आता सांगत व्हता ना... बापाचं लेकीला येतं का?"

"लेक नुसती वाहून नेते हो. तिला काही होत नाही. तिच्या मुलात उतरू शकतं."

"मंजे लेकीला सगळं दिसतं."

"सगळं दिसतं."

"बरं झालं," म्हणालात. आणि दुपारी टेबलावर बुचाची फुलं.

तुमची कल्पना तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. असा प्रश्न कोणी उगाच विचारत नाही. कुठल्याही शहाण्या माणसाला तिथेच कळलं असतं, आणि तुम्ही मला शहाणी समजत होता. मी काय केलं माहितीये? स्टाफरूममध्ये जाऊन सांगितलं, "आमचे दामूभाऊ आता जेनेटिक्स शिकायला लागलेत." सगळे हसले. मी पण.

पुढच्या महिन्यात मी सगळ्या ट्रेंना आणि वाफ्यांना पत्र्याचे नंबर करून घेतले. मुलांच्या नोंदींसाठी होते ते. पण तुम्ही ते नंबर हातात घेऊन किती वेळ उभे होतात! दुसऱ्या दिवशी म्हणालात, "म्याडम, हे लई बेस केलंत." तुम्हाला वाटलं असणार, तुमच्यासाठी केले. आणि माझी बोलायची रीतच अशी, की 'ते लाल फूल' न म्हणता 'डावीकडून तिसरं' म्हणायचं. तेही तुमच्यासाठीच वाटलं असेल. मी कधीच न केलेला चांगुलपणा तुम्ही घरी जाऊन सांगत होता का, दामूभाऊ? आणि दारूचा तो शब्द? तो तुम्ही कुठे ठेवलात? तो व्हरांड्यातल्या प्रश्नाच्या आधीचा होता, तेव्हा मला माहीत नव्हतं, म्हणून माफ केलात?

मग मधली इतकी वर्षं आठवून बघते. निडी स्टेशनात एकदा गाडी क्रॉसिंगला थांबली होती. मी पेणहून परीक्षेचं काम आटपून येत होते, तुमची सुट्टी होती, पण बियाणं पोचवायला निघाला होतात. तुम्ही दारात उभे. मी आतून विचारलं, "सिग्नल मिळाला का?" तुम्ही म्हणालात, "गाडी हलली की मिळाला." मी हसले. आता वाटतं, तुम्हीही हसला होता तो आपल्या दोघांत समजलेला विनोद म्हणून?

आणि बदामाचं? ते तर मला अजूनच उमगत नाही. ज्याला लाल दिसत नाही त्याने सगळ्यांच्या आधी लाल कसं ओळखावं? मंगळवारी मी त्या झाडाखाली उभी राहून तुम्ही करायचात तसं करून पाहिलं. तुम्ही पान मुडपून बघायचात, सवय म्हणून, असं मी समजत होते. हिरवं पान वाकतं. जे रंगायच्या बेतात असतं ते कडेला काडकन मोडतं आणि देठ बोटाला सैल लागतो. रंग त्याच्यानंतर येतो. तुम्ही रंग सांगतच नव्हता. तुम्ही सांगत होता, की याची वेळ झाली. मला कळावं म्हणून माझ्या भाषेत सांगायचात.

इथपर्यंत सगळं सोसवलं असतं. पण दुसरी शक्यता खरी असेल, तर मग अंबाडीचं काय?

या दिवाळीच्या आधीची गोष्ट. लाल आणि हिरव्या देठाची अंबाडी एकाच वाफ्यात मिसळून पेरली होती. तिची ती शेवटाला येणारी पिवळी फुलं, मधे गडद ठिपका. रंगद्रव्यांच्या प्रकल्पासाठी दोन मुलींनी चार महिने तिच्या नोंदी केल्या होत्या. मी म्हणाले, "हिरवी सगळी उपटून टाका, लाल ठेवा." नंबर नव्हते त्या वाफ्याला. हाताला दोन्ही सारखीच लागते. मी दुपारी आले तर निम्मी लाल अंबाडी मुळासकट बांधावर. मुली रडत होत्या.

मी ओरडले, "डोळे फुटलेत का तुमचे?"

मला माहीत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर ते एका चिडक्या बाईचं नेहमीचं बोलणं होतं. पण तुम्हाला वाटत असेल की मला माहीत आहे, वीस वर्षं माहीत आहे, तर मग त्या वाक्याचा अर्थ काय झाला? तुम्ही उपटलेली रोपं एकेक करून सारखी लावून ठेवलीत, मुळं एका बाजूला, आणि "चुकलं, म्याडम," म्हणून नळाकडे गेलात. त्या दिवशी चहाला आला नाहीत. नंतर दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीनंतर चार-पाच दिवस आलात, नेहमीसारखं बोललात, खत चाळलंत. मी माफी मागितली नाही. मनात होतं, पण म्हटलं, बदामाला रंग चढला की येतीलच दारात, तेव्हा बोलू. एका सकाळी गाडीला निघायचे कपडे करून तुम्ही ओटीवर बसलात, ते उठलाच नाहीत.

बुधवारी मी पुन्हा तुमच्या गावी गेले. न सांगता. वहिनी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मला बघून उठायला लागल्या, मी तिथेच टेकले आणि सगळं सांगून टाकलं. मला काही माहीत नव्हतं. कधीच नव्हतं. दारूचंही सांगितलं.

"ते घ्यायचे का कधी?" मी विचारलं.

"नाय गो बाई. शिमग्याला पण नाय." त्यांचे हात सुपात थांबले. "मग एवढी वरसं तिथं त्यांना सांगत कोण व्हतं? लाल कंचं, हिरवं कंचं?"

"कोणीच नाही."

"एकटेच?"

"एकटेच."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "मी रोज निवांत निजायची. म्हणायची, म्याडम हाय तिथं."

तेव्हा मला कळलं की मी माझं ओझं हलकं करायला आले होते आणि ते त्यांच्या पदरात टाकून बसले होते. खरं बोलून मी त्यांची बावीस वर्षांची झोप काढून घेतली. न बोलते तर फुकटचे आशीर्वाद घेत राहिले असते. यातलं बरोबर कुठलं, हे तुम्हीच सांगा. तुम्ही तर दोन्ही केलंत, कॉलेजात एक सांगितलंत आणि घरी दुसरं, आणि कोणाचं काही बिघडू दिलं नाहीत.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं. "मला माहीत आहे असं त्यांना खरंच वाटायचं, की तुमच्यासाठी खोटं बोलले?"

"त्यांना खोटं बोलता यायचं नाय," वहिनी म्हणाल्या. मग स्वतःच थांबल्या. "पर कालिजात सगळ्यांशी खोटंच वागले की." आणि रडता रडता त्यांना हसू फुटलं. निघताना म्हणाल्या, "मी ती बाग कधी बगितली नाय. एकदा दाखवा मला."

काल, शुक्रवारी, त्या आल्या. मी रोहा स्टेशनवर स्कूटर घेऊन गेले. निळं पातळ, हातात कापडी पिशवी. "त्यांनी मला जलमभर निळं नायतर पिवळं आणलं," त्या मागे बसता बसता म्हणाल्या. "लाल घ्यायला गेले आन् तपकिरी आणलं तर काय म्हणून."

मी त्यांना सगळं फिरवलं. विहीर, ट्रे, पत्र्याचे नंबर, कोरांटीचं कुंपण. मोरसाच्या कुंडीत त्यांनी बोट घालून माती चाटली आणि म्हणाल्या, "पाणी कमी पडलंय." सोमवारी कल्पनाच्या हाती पाठवीन म्हणाल्या. मग बदामापाशी आलो. उन्हं तिरपी होती, पानांतून आरपार येत होती. त्या मान वर करून किती तरी वेळ बघत होत्या.

"हे तर कुंकवागत लाल हाय."

"हो."

"त्यांना हे कसं दिसायचं?"

मी शिकवते तसं सांगितलं. मातकट, पिवळसर तपकिरी, बहुधा. नक्की कोणालाच सांगता येत नाही. ज्याचे डोळे त्यालाच ठाऊक.

"तरी एवढं कवतिक करायचे त्याचं," त्या म्हणाल्या. "थंडी पडली की घरी येऊन सांगायचे, म्याडमचा बदाम रंगला, बघाय पायजे काय दिसतो."

आम्ही पारावर बसलो. मी अंबाडीचं अजून बोलले नव्हते. बुधवारी तेवढं एक राहून गेलं होतं. राहून गेलं नव्हतं, मी ठेवलं होतं. ते आता सांगितलं, शब्दन् शब्द.

वहिनी म्हणाल्या, "घरी मी पण म्हणायची, बाई. डोळे फुटले का म्हणून. दर दोन दिवसांनी. पिकलं टोमॅटो सांगितलं की कच्चं आणायचे. मी ओरडली की हसायचे."

मला सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्यासमोर हसले?"

मी आठवून बघितलं. आठवायची गरज नव्हती.

"नाही."

त्यांनी मान हलवली. "मग लागलं असंल."

एवढंच म्हणाल्या. त्यात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. पिशवीतून डबा काढला. तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी. भाकरीचे दोन तुकडे केले, मोठा माझ्या हातावर ठेवला. "खा. मला पाचची गाडी धरायची हाय."

मी खाल्लं, दामूभाऊ. आम्ही दोघींनी तुमच्या पारावर बसून खाल्लं आणि नंतर मी त्यांना स्टेशनवर सोडलं. तुम्हाला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे मला अजूनही कळलेलं नाही, आणि आता सांगणारं कोणी नाही. पण लागलं होतं, एवढं कळलं. आज तेवढ्याचीच माफी मागते. बाकीचं समजत जाईल तसं मागत राहीन.